मडक्यातील हिरवा पाला



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले, तेव्हा आम्ही नव्या कामगार संहितांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला, "पालेभाज्या वाळवून ठेवणे". तिकडून थोडा वेळ काहीच उत्तर आले नाही. मग चालकांनी अतिशय नम्रपणे विचारले, "म्हणजे नेमके काय?" नेमके काय, ते सांगण्यासाठीच आम्ही येथे उभे आहोत. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे झाले ते संघटनेच्या कचेरीत, वाचनालयात आणि लोकांच्या घरी. आजचा विषय या तिसऱ्या शाळेतला आहे.

सन १९९७ ची गोष्ट. वाळूजच्या एका कारखान्यात टाळेबंदी झाली. कारखान्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. टाळे वैशाखात लागले आणि श्रावण उजाडला तरी निघाले नाही. संघटनेने धान्याचे वाटप सुरू केले. यादी आम्हीच केली होती: ज्वारी, तूरडाळ, तेल, मीठ, मिरची, चहा, साखर. यादी करताना आम्ही तिघे पुरुष बसलो होतो आणि आमची यादी परिपूर्ण आहे अशी आमची खात्री होती. रांजणगाव शेणपुंजीच्या एका खोलीत आम्ही पोते उतरविले, तेव्हा त्या घरच्या बाईंनी सगळे सामान पाहून घेतले आणि म्हणाल्या, "दादा, जवारी दिली, दाळ दिली. कोरड्यासाला काय?"

आम्ही म्हणालो, "वहिनी, टाळेबंदीत भाजी कुठून आणायची? मंडईचे भाव तुम्हाला ठाऊक आहेत."

बाई हसल्या. कोपऱ्यातल्या उतरंडीवरून त्यांनी एक मडके खाली घेतले. तोंडाला दुहेरी फडके बांधलेले होते. ते सोडून त्यांनी मूठभर काळपट हिरवा चुरा परातीत काढला. हरभऱ्याची वाळवलेली भाजी. पौषात त्या माहेरी, फुलंब्रीकडे, गेल्या होत्या, तेव्हा खुडून वाळवून आणलेली. त्या दिवशी आम्हांस तेथेच जेवावे लागले. भाजी तव्यावर किंचित शेकली, पाण्यात शिजत घातली, वरून ज्वारीचे पीठ लावून घोटली, शेंगदाण्याचे कूट टाकले आणि लसणाची व लाल मिरचीची फोडणी दिली. दोन भाकरी खाऊन आम्ही उठलो. उठताना बाई म्हणाल्या, "नागपंचमीपर्यंत पुरंल. शेजारच्या चौघींना थोडी थोडी दिली, नाहीतर पोळ्यापर्यंत गेली असती."

आम्ही सायकलवर परतलो तेव्हा हे गणित डोक्यात घोळत होते. संघटनेच्या निधीत किती दिवसांचे धान्य आहे, याचा हिशेब आमच्या वहीत होता. त्या घरात किती दिवसांची भाजी आहे, हा हिशेब मात्र पौषातच कोणी तरी करून ठेवला होता.

आता विषयाकडे येऊ. थंड देशांतली पुस्तके वाचली, तर त्यांत हिवाळ्यासाठी भाजी साठवण्याची तजवीज असते. कारण तेथे हिवाळ्यात जमिनीवर बर्फ असते. कोरियात मुळ्याचा पाला सावलीत दोरीवर टांगून वाळवतात आणि हिवाळाभर त्याचे कढण करतात. काश्मिरात दुधी, वांगी, टोमॅटो वाळवून माळा करतात. नेपाळात मोहरीचा पाला आंबवून मग वाळवतात, त्याला गुंद्रुक म्हणतात. आपल्याकडे मात्र पंचांग उलटे आहे. मराठवाड्यात हिवाळा हाच पालेभाजीचा सुकाळ. कार्तिकापासून माघापर्यंत मेथी, पालक, शेपू, चाकवत, करडई, हरभरा यांची मंडईत रास लागते. शहागंजात संध्याकाळी उरलेली मेथीची जुडी विकणारा अक्षरशः गळ्यात घालतो. आपला दुष्काळी हंगाम चैत्रापासून आषाढापर्यंतचा. विहिरी आटलेल्या, पाला करपलेला, आणि पहिल्या पावसानंतर रानभाज्या उगवेपर्यंत मधले दिवस कोरडे. म्हणून आपण हिवाळ्यात हिवाळ्यासाठी नव्हे, उन्हाळ्या-पावसाळ्यासाठी साठवतो. दक्षिण आफ्रिकेच्या शेजारच्या झिम्बाब्वेतही असेच कोरड्या ऋतूसाठी पाला वाळवतात. तेथील शोना भाषेत त्याला मुफुश्वा असे नाव आहे. म्हणजे ही काही आपल्या आजीची एकटीची युक्ती नव्हे. ज्या ज्या मुलखात पाणी वर्षभर पुरत नाही किंवा गोठून बसते, तेथील बायकांनी ती आपापली शोधून काढली आहे.

वाळवण म्हटले की, आपल्याला पापड, कुरडया, सांडगे आठवतात. त्यांचे कौतुक होते, कारण ते पाहुण्याच्या ताटात वाढले जातात. वाळलेला पाला पाहुण्याला कोणी वाढत नाही. त्यामुळे पाककृतींच्या पुस्तकांतही त्याला फारशी जागा मिळाली नाही.

हरभऱ्याच्या भाजीविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण आमच्या भागात वाळवण्यात पहिला मान तिचा. हरभरा आश्विन-कार्तिकात पेरतात. रोप महिन्याभराचे झाले की, शेंडे खुडावेत असे कृषी खात्याचे लोकही सांगतात. शेंड्याला एक रस असतो, तो बाजूच्या फांद्यांना वाढू देत नाही. शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात, झाड पसरते आणि घाटे अधिक धरतात. फुले येण्याच्या आतच हे काम उरकायचे. म्हणजे बाईला भाजी मिळते आणि शेतकऱ्याचे पीक सुधारते. या एका व्यवहारात दोघांचाही फायदा होता, म्हणूनच मजूर बायकांना दुसऱ्याच्या रानात ओटीभर भाजी खुडण्याची मुभा असे. कागदावर तो हक्क कुठेही नव्हता. पण आम्ही कागदावरचे हक्क अमलात न आलेले पुष्कळ पाहिले आहेत, आणि हा कागदाशिवाय अमलात असलेला हक्क होता.

या पानांवर पहाटे दवाबरोबर एक आंबट ओलावा असतो. त्याला आंब म्हणतात. जुने लोक पहाटे पिकावर स्वच्छ धोतर फिरवून, ते पिळून आंब गोळा करीत आणि पोटदुखीवर ठेवीत. रसायनशास्त्राप्रमाणे त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असते. खुडणाऱ्या बाईची बोटे त्याने चरचरतात, काळी पडतात आणि नखांच्या कडा सोलतात. भाजीची चव या आंबेत असते, म्हणून ती धुवू नये असा जुना दंडक आहे.

हा दंडक आज जसाच्या तसा पाळता येत नाही, आणि येथे आम्ही थोडे थांबणार आहोत. घाटेअळीसाठी आता हरभऱ्यावर कीटकनाशके फवारतात, काही ठिकाणी तणनाशकेही मारतात. औषधाच्या डब्यावर काढणीपूर्वी किती दिवस थांबावे हे लिहिलेले असते, पण तो आकडा दाण्यासाठी ठरविलेला असतो. पाला खाणारी बाई त्या हिशेबात धरलेलीच नसते. तेव्हा ज्या शेतात फवारणी झाली असेल तेथील भाजी धुऊनही घेऊ नये, मग वाळवून सहा महिने ठेवणे दूरच. शेतकऱ्याला विचारावे. तो ओळखीचा नसेल, तर भाजी घेऊ नये. मंडईत कोणालाही विचारून उपयोग नाही, कारण विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. अशा रीतीने तो जुना कागदाविना हक्क कोणताही ठराव न होता संपत चालला आहे.

याला शहरात एक उतारा आहे. घरचाच पाला. घमेले, फुटकी बादली, फळांचे लाकडी खोके, यांत चार बोटे माती आणि थोडे शेणखत घालून मूठभर हरभरा किंवा मेथीदाणा पेरला, तर मेथी तीन-चार आठवड्यांत कापणीला येते. मेथी मुळापासून उपटू नये, कात्रीने वरून कापावी, म्हणजे पुन्हा एकदा फुटते. एका खोक्याने संसार चालत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु दर पंधरा दिवसांनी एक, अशी चार खोकी लावली, तर थंडी संपेपर्यंत एक डबा भरतो. आमचा अनुभव एवढाच आहे.

आता वाळवण्याची रीत. येथे आमची फजिती सांगणे भाग आहे. टाळेबंदी उठल्यावर त्या वर्षी आम्ही घरी जाहीर केले की, यंदा भाजी आम्ही वाळवणार. घरच्या मंडळींनी विरोध केला नाही, हेच खरे तर संशयास्पद होते. पाच जुड्या मेथी आणली, निवडली, वर्तमानपत्रावर पसरली, दोन दिवस गच्चीवर ठेवली. पाने हाताला कुरकुरीत लागू लागली, तेव्हा मोठ्या ऐटीत डब्यात भरून झाकण घट्ट लावले. माघात डबा उघडला तर आत पांढरे जाळे आणि कुबट वास. पाने वाळली होती, देठ वाळले नव्हते. देठातला ओलावा बंद डब्यात फिरून पानांत गेला आणि बुरशी धरली. आमच्या मेहुणीने डबा हुंगला आणि विचारले, "दाजी, हा संप कुणी मोडला?"

तेव्हापासून आम्ही पानांवर विश्वास ठेवत नाही, देठ मोडून पाहतो. देठ वाकला तर भाजी कच्ची, काट्कन तुटला तर पक्की.

बुरशीला जगण्यास पाणी लागते. पाला टिकतो तो त्यात पाणी उरले नाही म्हणून. मेथीच्या १०० ग्रॅम पानांत सुमारे ८६ ग्रॅम पाणी असते, हरभऱ्याच्या पानांत सुमारे ७३ ग्रॅम. म्हणजे निवडलेली एक किलो मेथी वाळून जेमतेम दीडशे ग्रॅम भरते, तर एक किलो हरभऱ्याची भाजी पाव किलोहून थोडी अधिक. गरीब घरात हरभराच का वाळवीत, त्याचे एक कारण या आकड्यांत आहे. घोळ किंवा चुका यांसारख्या रसाळ भाज्यांचे हाती काहीच लागत नाही. शेवग्याचा पाला आणि कढीपत्ता उत्तम वाळतात. कोथिंबीर वाळते, पण वास निघून जातो.

भाजी आधी निवडावी. मेथी धुऊन, फडक्यावर पसरून, पाणी पूर्ण निथळू द्यावे. ज्यांना अधिक चांगला रंग आणि सत्त्व हवे असेल, त्यांनी मेथी किंवा शेवगा उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून लगेच गार पाण्यात काढावा. पानातली काही द्रव्ये तोडल्यानंतरही आपले काम करीतच असतात आणि पानाचा रंग व अ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य खातात. उकळत्या पाण्याने त्यांचे काम थांबते. नंतर भाजी सावलीत, वारा असेल तेथे, स्वच्छ सुती फडक्यावर विरळ पसरावी. वर्तमानपत्र वापरू नये, छपाईची शाई अन्नाला लागणे बरे नव्हे. वर पातळ मलमलचे झाकण घालावे, म्हणजे धूळ आणि माशा बसत नाहीत. थेट उन्हात भाजी लवकर वाळते हे खरे, पण ऊन रंगाबरोबर त्या अ जीवनसत्त्वाच्या द्रव्याचाही नाश करते. मार्गशीर्ष-पौषात आपली हवाच इतकी कोरडी असते की, सावलीत दोन-तीन दिवस पुरतात. संध्याकाळी दव पडण्यापूर्वी भाजी आत घ्यावी. हे विसरले की, दिवसभराचे काम रात्री धुऊन जाते.

साठवण्यास जुन्या बायका मडके वापरीत आणि तळाला वाळलेला कडुनिंबाचा पाला घालीत. आज घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा अधिक चांगला. डब्यावर भाजीचे नाव आणि महिना लिहावा. पावसाळ्यात मोठा डबा रोज उघडू नये. आठवड्यापुरती भाजी लहान डबीत काढून घ्यावी, आणि तीही उघाडीच्या दिवशी. फ्रीज ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो खुशाल वापरावा, त्याविषयी आमची तक्रार नाही.

वाळलेल्या भाजीत नक्की काय उरते? येथे दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. कोणी म्हणतो, सगळे सत्त्व जाते. कोणी तिला औषधच ठरवितो. क जीवनसत्त्व बहुतेक सारे जाते, यात शंका नाही. अ जीवनसत्त्वाचे द्रव्य काही प्रमाणात जाते, ते सावलीत कमी, उन्हात अधिक. लोह आणि चुना ही खनिजे आहेत, ती वाऱ्याने उडत नाहीत. मात्र पाल्यातले लोह शरीर मोठ्या नाखुशीने घेते. सोबत लिंबू पिळले किंवा कच्चा आवळा खाल्ला, तर ते अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला, तर कमी. आमच्या कामगार मंडळींना हे दुसरे वाक्य आवडत नाही.

आपल्या देशात अन्नाच्या शास्त्राचा पद्धतशीर शोध १९१८ साली कुन्नूर येथे एका खोलीत सुरू झाला. बेरीबेरी या रोगासाठी ती प्रयोगशाळा होती. तीच पुढे वाढून हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. शंभर वर्षांहून अधिक काळ हे काम चालू आहे, आणि तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले, म्हणजे त्यांना पंडुरोग होता. मडकेभर पाल्याने हा आकडा खाली येईल असे सांगणारा मनुष्य लबाड समजावा. परंतु ज्या घरात आषाढात ताटात पीठ आणि मिरची याखेरीज काही नसते, तेथे मूठभर पाला आहे की नाही, याने फरक पडतो.

आमची आई १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगे. खडी फोडायला जाणे, कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी. त्या काळात राज्यभर दुष्काळी कामांवर लाखो माणसे होती. १९७३ च्या उन्हाळ्यात ती संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. आम्ही तिला एकदा विचारले, "मग वाळवलेली भाजी होती का?" ती म्हणाली, "मागल्या सालची होती तवर होती. त्या साली हरभराच उगवला न्हाई, तर वाळवू काय?" आम्ही मडक्याची स्तुती करीत असताना हे उत्तर विसरू नये म्हणून येथे मुद्दाम सांगितले. मडके एक हंगाम तारते, दोन नाही. दोन हंगामांसाठी रोजगार हमी लागते, आणि तो कायदा याच राज्याने पुढे १९७७ साली केला.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट. कामगारांचा महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर ठरतो, तो केंद्र सरकारचे लेबर ब्युरो काढते. त्याचे पायाभूत वर्ष पूर्वी १९६० होते, मग १९८२, मग २००१, आणि आता २०१६ आहे. त्यात मेथी-पालकाचे बाजारभाव धरले जातात. आम्ही उभी हयात या आकड्यांवर भांडलो, आणि ते भांडण योग्यच होते. परंतु टाळेबंदीत त्या मडक्याने जी भाजी पुरविली, तिचा निर्देशांकात भाव नाही, कारण ती विकत घेतलेलीच नव्हती. खुडणे, निवडणे, पसरणे, संध्याकाळी उचलणे, पुन्हा पसरणे, हे कोणाचे काम आणि किती तासांचे? सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असे दिसले की, घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात आणि पुरुष ९७ मिनिटे. आम्ही आठ तासांच्या दिवसासाठी मोर्चे काढले. त्या मोर्चातून घरी गेल्यावर आमच्या ताटात जे पडे, ते कितव्या तासाचे होते, हे आम्ही कधी विचारले नाही. म्हणून घरोघरी भाज्या वाळवा असा उपदेश बायकांना करण्यासाठी आम्ही येथे आलो नाही. तो उपदेश म्हणजे २९९ मध्ये आणखी भर. निवडणे आणि पसरणे हे काम पुरुषाला येते. बुरशी आणूनही शेवटी येते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

आणि दुसरा प्रश्न जागेचा. रांजणगाव, जोगेश्वरी, बजाजनगर येथे आमचे शेकडो लोक दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांतल्या कित्येकांना गच्चीची किल्ली मिळत नाही. एका घरमालकाला आम्ही स्वतः जाऊन विनंती केली, तेव्हा तो म्हणाला, "आज भाजी वाळत घालतील, उद्या बाज टाकतील." आम्ही म्हटले, उद्या बाज टाकली तर उन्हाळ्यात झोप तरी लागेल. किल्ली मिळाली नाही. पुढच्या इमारतीत मात्र भाडेकरूंनी गच्ची वारावार वाटून घेतली आहे, आणि जिन्यात त्याचा कागद चिकटविला आहे.

मोठ्या प्रमाणावर हे काम कसे होऊ शकते, त्याचे एक उदाहरण आपल्या राज्यातच आहे. एस फोर एस टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी सौर वाळवणी-यंत्रे शेतकरी स्त्रियांना देते आणि वाळविलेला माल विकत घेते. तिला २०२३ साली अर्थशॉट हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यंत्र चांगले आहे. यंत्राचा मालक कोण, भाव कोण ठरवितो आणि मागणी पडली तर माल कोणाच्या अंगावर, हे तीन प्रश्न आम्ही सवयीने कोणत्याही धंद्याला विचारतो, आणि या धंद्याला चालविणाऱ्या बायकांनीही ते विचारावेत.

रांजणगावच्या त्या बाईंचे काय झाले, असे कोणी विचारील. कारखाना सुरू झाला, त्यांच्या यजमानांना काम परत मिळाले. पुढच्या पौषात त्यांनी आमच्या घरी एक पुडके पाठविले आणि निरोप दिला की, "यादीत लिहा." संघटनेच्या पुढच्या वाटपाच्या यादीत, तेलाच्या खाली आणि मिठाच्या वर, आम्ही 'वाळली भाजी, पाव किलो' असे लिहिले. ती कोठून आणायची यावर कार्यकारिणीत दोन तास वाद झाला, पण लिहिलेली ओळ खोडली गेली नाही.

आता वैशाख चालू आहे, हरभऱ्याचा हंगाम गेला. सध्या वाळवायचाच असेल तर शेवग्याचा पाला आहे, तो या दिवसांत हवा तेवढा मिळतो. तो मात्र दुपारच्या उन्हात ठेवू नका, घरातच पंख्याखाली वाळतो. आम्ही यंदाच्या पौषातल्या हरभऱ्याच्या भाजीचा एक डबा सोबत आणला आहे. अध्यक्षमहाराजांची परवानगी असेल, तर तो पहिल्या रांगेपासून मागे फिरवावा. वास घ्या, चुरून पाहा, देठ मोडून पाहा. झाकण तेवढे प्रत्येकाने लगेच लावावे, कारण बाहेर वळवाचे आभाळ भरून आले आहे.